आक्काला जायचं होतं

आक्का गणपतीचे डोळे आखायला बसली की श्वास घ्यायची नाही. कुंचला टेकवण्याआधी एकदा छाती भरून घ्यायची आणि बुबुळ पुरं होईपर्यंत तशीच थांबायची. तेवढा वेळ पेणमधल्या माझ्या कारखान्यात सगळ्यांचेच हात हलके पडत. श्रावणातलं दुधी ऊन पत्र्याच्या फटींतून आत झिरपायचं, फळ्यांवर बिनडोळ्यांच्या मूर्ती ओळीनं बसलेल्या असायच्या, आणि आक्का एकेकीला जागं करत पुढं सरकायची. आता मी पंच्याहत्तरीला आलो. डोळे मिटले की कारखाना असाच दिसतो, जरासा पाण्याखाली असल्यासारखा.

ती रोज रोह्याहून यायची. डोळा पुरा झाला की मूर्तीला हळूच म्हणायची, "बघ रे बाबा आता." रंगकाम करणाऱ्या मुली हसायच्या. "हसा गो," ती म्हणायची, "डोळे नसतील तर देवाला पण घर सापडायचं नाय." आमच्याकडे एक रीत होती. एका खेपेच्या मूर्तींचे डोळे एकाच हातचे. दुसरा हात लागला की नजर बदलते आणि गिऱ्हाईक ते लगेच ओळखतं. ही रीत पुढं मी तिच्याविरुद्ध वापरली.

तिला रक्ताचा कर्करोग झाला. केमो घेऊन ती बरी झाली, डोक्याला रुमाल बांधून कामावरही आली. वर्षभरानं तो उलटला. तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी नवा उपचार सुचवला. मशीनमधून रक्त फिरवून त्यातल्या पांढऱ्या पेशी काढून घ्यायच्या, प्रयोगशाळेत त्यांना रोग ओळखायला शिकवायचं, वाढवायचं आणि पुन्हा तिच्याच अंगात सोडायचं. डोलवीला कंपनीत कंत्राटावर असलेला तिचा मुलगा विनायक हे मला कागद बघून समजावत होता. आक्कानं त्याला थांबवलं.

"शेट, सोपं हाय. माझ्या रक्तात शिपाई हायत, पण त्यांना चोर दिसत नाय. मुंबईवाले त्यांचे डोळे आखणार नि परत पाठवणार."

एका मुलीनं विचारलं, तिथं आखणीला कोण बाई आहे. आक्का म्हणाली, "कोण का असंना, तिचा हात हलायला नको म्हणजे झालं." पुढं कितीतरी दिवस कुणाला काही सापडेनासं झालं की मुली म्हणायच्या, याला मुंबईला पाठवा.

पेशी काढायची तारीख नेमकी श्रावणात आली. निम्म्या मूर्ती डोळ्यांवाचून बसल्या होत्या. सकाळी ती पिशवी भरूनच आली होती, दुपारी विनायक तिला घेऊन जाणार होता. मी तिला बाजूला बोलावलं. म्हणालो, आक्का, देव अर्धे सोडून जाऊ नये. खेपेला दुसरा हात लावता येत नाही, एवढी उरक, गणपती बसले की जा, तारीख काय पुढची मिळेल. तिनं फळीवरच्या उरलेल्या मूर्ती मोजल्या. "तुम्ही म्हणता तर," एवढंच म्हणाली आणि पिशवी फळीखाली सरकवून बसली. विनायक आल्यावर त्याच्याशी तीच बोलली. मी रंग कालवत होतो, मान वर केली नाही.

ते डोळे तिनं आजवर काढलेल्यांत सगळ्यांत सुंदर होते, हे लिहायलाही मला लाज वाटते.

मधल्या काळात रोग अंगभर उसळला. तो आवरायला आणखी कडक केमो द्यावा लागला. त्यानंतर पेशी काढल्या त्या थकलेल्या निघाल्या, प्रयोगशाळेत वाढल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर तुम्ही खात्रीनं बऱ्या झाला असतात असं नाही, पण तेव्हा पेशी चांगल्या होत्या.

मार्गशीर्षात मी रोह्याला गेलो. कुंडलिका नदीवर धुकं होतं. ती खिडकीशी पडली होती, हात पांघरुणावर, अगदी स्थिर. माझ्यावर रागावली नाही. निघताना म्हणाली, "शेट, मला जायचं होतं. एवढं ध्यानात ठेवा." आठवड्यात गेली.

शोकसभेत मला बोलायला सांगितलं. मी म्हणालो, आक्कानं देवाच्या कामासाठी स्वतःचा उपचार लांबवला, अशी भक्ती आता पाहायला मिळणार नाही. लोकांनी डोळे पुसले. तेव्हापासून पेणमध्ये ही गोष्ट सांगतात, दर वर्षी नव्या मुलींनाही सांगतात, आणि मी ऐकून घेतो. ती खोटी आहे. आक्का भक्तीपायी थांबली नाही, माझ्या शब्दाखातर थांबली. तिला जगायचं होतं.

हे लिहून झाल्यावर सगळ्यांत आधी रोह्याला जाऊन विनायकला वाचून दाखवलं. तो शिफ्टला निघाला होता, दारातच बसून त्यानं सगळं ऐकलं. मग बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "आईनं त्याच दिवशी सांगितलं होतं, काका. मी बघत होतो, तुम्ही कधी बोलता."