पक्क्या रंगाची बाटली

सिद्धाराम अण्णांनी आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावला नव्हता. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि गुत्त्यावरून जायची वेळ आली तर नाकाला धोतराचा सोगा. तरी आमच्या पेठेत कुणाकडे बाळंतीण असली आणि तिच्यासाठी द्राक्षाची दारू, लोक जिला पोर्ट म्हणत ती, आणायची ठरली, की बाटली आधी अण्णांच्या ओट्यावर येई.

अण्णा मूळचे मैंदर्गीचे. सोलापुरात येऊन मिलच्या रंगखान्यात लागले त्याला वीस वर्षं झाली होती. हात कोपरापर्यंत निळे, नखं कायमची काळी. लुगडं घेताना बायका त्यांना बाजारात घेऊन जात. अण्णा पदराचं टोक थुंकीनं ओलं करत, पांढऱ्या धोतरावर घासत आणि सांगत, "पक्का हाय, घे." त्यांचा शब्द कधी खोटा ठरला नाही. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की दारूही तांबडीच, तर तिचीही परीक्षा अण्णांनीच करावी. तांबडी दारू प्याली की तांबडं रक्त होतं. जितकी गडद तितकं रक्त जास्त. आणि असली मालाचा रंग पक्का असतो. सोलापूरच्या लोकांना यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

अण्णा चमचाभर दारू मांजरपाटाच्या चिंधीवर ओतत, उन्हात वाळवत आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात धूत. डाग राहिला तर बाटली घरात जाई. गेला तर दुकानात परत.

मी त्याच रंगखान्यात धाकटा मास्तर होतो. मुंबईला रंगाईचं रसायनशास्त्र शिकून आलेला, सगळ्यांना सगळं समजावून सांगायच्या घाईत असलेला.

चौतीस सालच्या चैत्रात अण्णांची सून नागव्वा बाळंत झाली. मुलगा झाला, पण रक्त फार गेलं. डोळ्यांच्या आतली कड कागदासारखी पांढरी झाली होती. डॉक्टरांनी लोखंडाचं औषध दिलं, दूध आणि पालेभाजी सांगितली. अण्णांच्या बायकोनं, सोनाबाईनं, औषधाची बाटली उजेडात धरून पाहिली आणि फळीवर मागं सरकवून ठेवली. "काळं औषद हाय. काळ्यानं तांबडं रगत कसं व्हईल?"

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत अण्णा दोन बाटल्या घेऊन रंगखान्यात आले. एक सदर बझारातल्या मोठ्या दुकानातली, महाग, विटेसारख्या मळकट रंगाची. दुसरी आमच्या पेठेतल्या महिपतीच्या दुकानातली, झेंड्यासारखी लाल, वर टोपीवाल्या मडमेचं चित्र. दोन्ही चिंध्या सोड्यात पडल्या. महाग दारूचा डाग आधी हिरवट-निळा झाला, मग धुऊन गेला. महिपतीच्या बाटलीचा जसाच्या तसा राहिला.

"बगा मास्तर, मोठं दुकान आन् कच्चा माल," अण्णा म्हणाले.

"अण्णा, द्राक्षाचा रंग कच्चाच असतो. सोड्यात तो निळा व्हायलाच हवा. हा दुसरा टिकला, मला तोच खोटा वाटतो."

पिंपाजवळ भाकरी खात बसलेला शिवपुत्र ओरडला, "आता मास्तर अण्णांना रंग शिकवणार की!" सगळे हसले. अण्णाही हसले, पण मायेनं. "वय किती तुमचं, मास्तर? माजी ईस वर्सं रंगात गेली."

माझे कान तापले. ती दारू लोकर टाकून तिथल्या तिथं उकळून दाखवणं दहा मिनिटांचं काम होतं. मी डबा उघडून जेवायला बसलो. त्या दहा मिनिटांची मला आजही किळस येते.

आठव्या दिवशी अण्णा कामावर आले नाहीत. संध्याकाळी मी घरी गेलो. दारातच वास आला: गुळाचा पाक, कच्चं स्पिरिट, आणि त्याखाली आंबलेली ओकारी. खोली बंद, शेगडी पेटलेली, माश्या घोंगावत होत्या. नागव्वा भिंतीला टेकून बसली होती. तिचे ओठ, दात, जीभ, सगळं गुलाबी-लाल. उशाशी ओकायला मातीचं परळ होतं. त्यात तोच रंग, वर फेस. सोनाबाई तरीही वाटीत आणखी ओतत होती.

"वकती हाय म्हून दुप्पट देतीया. पोटात ऱ्हायला पायजे की कायतरी."

"ब्याड, अत्ती," नागव्वा सासूला कानडीत म्हणाली. नको, एवढंच. ओठ पुसायचीही ताकद तिच्यात नव्हती.

"आई, ती वाटी खाली ठेवा," मी म्हणालो. "आणि मला घोंगडीतला पांढरा धागा द्या."

अण्णा कोपऱ्यातून उठले. वाद न घालता त्यांनी घोंगडीच्या पांढऱ्या पट्ट्यातून लोकर उपसली. मी पातेलीत ती दारू ओतली, चिंचेचा कोळ घातला आणि लोकर टाकून शेगडीवर उकळवली. मग साबणानं चोळचोळ चोळली. द्राक्षाचा रंग असता तर लोकर मळकी होऊन राहिली असती. ती लग्नातल्या फेट्यासारखी लालभडक निघाली.

"हा पुडीतला रंग आहे, अण्णा. चव तुरट लागावी म्हणून बाभळीची साल उकळून घातली असणार. सालीनं सुतावर रंग पक्का बसतो, हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

अण्णा वाटीच्या काठाकडे पाहत होते. तिथं दारू वाळून पापुद्रा धरला होता, आणि त्यावर सोनकिड्याच्या पाठीसारखी हिरवी झाक चमकत होती. ती झाक आम्ही दोघं रोज पाहत होतो. आमच्या रंगखान्यातल्या डब्यात.

"शिमग्याला," ते हळूच म्हणाले, "महिपतीनं पुडी मागितली. पोरं रंग खेळणार म्हनाला. मी दिली. डब्यातनं काडून. म्हून मला ही बाटली बगताच वळकीची वाटली, मास्तर. वळकीची वाटली म्हून खरी वाटली."

सोनाबाईनं वाटी मोरीत उपडी केली. मोरीचा दगड लाल झाला आणि घासूनही निघाला नाही.

नागव्वा वाचली. फळीवरचं काळं औषध पुढं आलं, आणि दोन महिन्यांनी ती पाणी भरू लागली. अण्णांनी मिलमध्ये जाऊन पुडीची गोष्ट स्वतःच सांगितली. पंधरा दिवस त्यांना कामावर घेतलं नाही. महिपतीला कुणी काही केलं नाही. त्यानं फक्त लेबल बदललं. टोपीवाल्या मडमेच्या जागी द्राक्षाचा घड आला.

अण्णा ओट्यावर बसून येईल त्याला सांगू लागले, "डाग टिकला तर बाटली फेका." लोकांना ते पटेना. वीस वर्षं जो माणूस पक्का रंग घ्या म्हणत होता, तो आता कच्चा घ्या म्हणतो, म्हणजे सुनेच्या आजारानं त्याचं डोकं फिरलं असणार. त्यांनी अण्णांकडे यायचं सोडलं. परीक्षा मात्र सोडली नाही. अण्णांनी शिकवलेली, सोड्याच्या पाण्याची, ती आता घरोघरी होत होती.

श्रावणात आम्ही दोघं मिलमधून परत येत होतो. बोळातल्या एका दारात नवी बाळंतीण होती. दोरीवर लंगोट वाळत होते, आणि त्यांच्या शेवटी हाताएवढी चिंधी. लालभडक.

अण्णांनी ती ओढून काढली. आतून म्हातारी धावत आली. "आवं, काय करताय? आत्ताच धुऊन टाकलीया. लई पक्का हाय रंग."

"म्हून तर," अण्णा म्हणाले आणि चिंधी मुठीत धरून, बाटली मागायला, न विचारता तिच्या घरात शिरले.