मिसिसिपीची मतं आणि आईच्या सांबारवड्या

मिसिसिपी मी मागितलं नव्हतं. मला माझ्याच बौद्ध वस्तीवर लिहायचं होतं. आमच्या उत्तर नागपुरातल्या वॉर्डात लोक मत कसं देतात, कोणाचं ऐकतात आणि कोणाचं नुसतं ऐकल्यासारखं करतात, हे मला लहानपणापासून पाठ होतं. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला राज्यशास्त्राचा लघुप्रबंध असे. विषय घेऊन गेले, तर सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "स्वतःच्या लोकांवर लिहिताना तटस्थता राहत नाही हो. तुम्ही अमेरिकेचं एखादं राज्य घ्या. कपाटभर पुस्तकं पडली आहेत." सरांचा स्वतःचा प्रबंध त्यांच्या आजोबांनी काढलेल्या शिक्षणसंस्थेवर होता. त्यांची तटस्थता तिथे कशी टिकली, हे विचारायची माझी तेव्हा छाती नव्हती.

ती पुस्तकं कुणीतरी कॉलेजला भेट दिली होती आणि कितीतरी पुस्तकांची पानं अजून जोडलेलीच होती. मी घरून पट्टी नेऊन ती कापली. मिसिसिपीवरची सगळ्यात जास्त निघाली, म्हणून मिसिसिपी. सत्तरचं दशक संपत आलं होतं. नागपूरच्या उन्हाळ्यात, ओल्या वाळ्याच्या ताट्या लावलेल्या वाचनालयात बसून मी त्या न पाहिलेल्या राज्यानं अध्यक्षपदासाठी कोणाला मतं दिली ते वाचत होते.

आधी कंटाळा आला, मग राग येऊ लागला. यादवी युद्धानंतर तिथल्या काळ्या माणसांनी काही वर्षं मत दिलं, आणि एकदा त्या राज्याचा कौल गुलामगिरी संपवणाऱ्या पक्षाला मिळाला. मग बंदुका निघाल्या, घरं जळाली, आणि शेवटी कायदाच असा केला की मत द्यायला आलेल्या माणसानं आधी कर भरावा आणि मग राज्यघटनेतलं एक कलम समजावून सांगावं. समजलं की नाही, हे ठरवणार टेबलामागचा गोरा कारकून. गोऱ्याला सोपं कलम, काळ्याला असं की वकिलाचीही बोबडी वळावी. बंदुका निघाल्या तेव्हापासून जवळजवळ सत्तर वर्षं त्या राज्यानं समोरच्या एकाच पक्षाला मतं टाकली. पुढे त्याच पक्षाचे लोक काळ्यांच्या हक्काबद्दल बोलू लागले, तसं राज्य रुसलं. एकदा फुटीर उमेदवाराला मतं दिली, एकदा अध्यक्ष निवडणाऱ्या, पण कुठल्याच उमेदवाराला न बांधलेल्या प्रतिनिधींना, आणि समान हक्काचा कायदा झाला त्या साली थेट विरोधी पक्षाला, तीही भरभरून. अध्यक्ष कोण व्हावा याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. शेजारच्याला रांगेत उभं राहू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं राजकारण.

पुस्तकं लिहिणारे विद्वान याला 'परंपरा' म्हणत. मला त्या शब्दाची शिसारी बसली. आमच्या वस्तीनं एका निशाणीवर शिक्के मारले की दुसऱ्या दिवशी शहरभर 'गठ्ठा मतं' म्हणून नाकं मुरडली जात, आणि इथे अख्खं राज्य दोन पिढ्या एका गठ्ठ्यात बांधलेलं, त्याला परंपरा! मी शेवटच्या प्रकरणात हे लिहिलं. सरांनी तो परिच्छेद तांबड्या पेन्सिलीनं आडवा कापला आणि समासात लिहिलं, "अभिनिवेश टाळावा."

आता आमच्या विभागाची एक रीत सांगायला हवी. तोंडी परीक्षेच्या दिवशी ज्याची परीक्षा, त्यानं घरून फराळ आणायचा. बाहेरगावचे परीक्षक येत, सर असत, आणखी दोन प्राध्यापक असत, आणि परीक्षा संपली की त्याच टेबलावर डबे उघडत. रामदासपेठेतल्या एका मुलीच्या घरचे अनारसे, काटोलहून येणाऱ्या मुलाच्या घरची संत्र्याची बर्फी, याच्या गोष्टी वर्षभर चालत. "हॉटेलचं ते हॉटेलचं, घरचं ते घरचं," असं सर बोटं चाटत म्हणत. मी दोनदा ऐकलं होतं आणि घरी येऊन सांगितलंही होतं.

आईनं ते धरून ठेवलं. आई चौथीपर्यंत शिकलेली, मतदानाच्या दिवशी पांढरं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी रांगेत उभी राहणारी. माझी परीक्षा म्हणजे तिला तिचीच वाटत होती. "वड्या करू," तिनं जाहीर केलं. "घरचं खातात म्हणते न? मंग आपल्या घरचं खाऊन पाहू दे." आमच्याकडची सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीची. आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो, पुण्याकडच्यांनी डोसा शोधू नये. सांबार धुवायचा, फडक्यावर सुकवायचा, बारीक चिरायचा, खोबरं-खसखस-चारोळी घालून परतायचा, बेसनाच्या पातळ पारीत गुंडाळायचा आणि मंद तळायचा. आदल्या दिवशी दुपारभर ती चिरत होती. शेजारीण म्हणाली, "काहून एवढा जीव काढून राहिली वं? बाजारातून आणून दे न." आई म्हणाली, "बाजारचं तं कोणाचंही खातात."

परीक्षा चांगली झाली. परीक्षक मोठा रसाळ माणूस होता. मिसिसिपीतल्या खाणावळींत काळ्यांना टेबलावर बसू देत नसत, हे मी सांगितलं तेव्हा त्यानं डोळे मिटून मान हलवली. "विसाव्या शतकात! काय ही माणसं! लाज वाटते." सर म्हणाले, "खरंय." दोघंही प्राध्यापक म्हणाले, "खरंय." मग परीक्षकानं हसत विचारलं, "तुमच्याकडेही गठ्ठा मतदान होतं म्हणे?" मी म्हटलं, "हो सर, पण मिसिसिपीइतकं अजून जमत नाही." सगळे हसले. हजरजबाबी आहे हो मुलगी, असं म्हणाले. मीही फुशारले, ही खरी गोष्ट आहे.

आणि मी डबा टेबलावर ठेवला.

सरांनी डब्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. "अहो, कशाला त्रास घेतलात? परीक्षकसाहेबांना तेलकट चालत नाही." साहेबांनी छातीवर हात ठेवून दुजोरा दिला. दोन्ही प्राध्यापकांनाही त्याच क्षणी तेलकट चालेनासं झालं. मी मूर्ख, मला ते खरं वाटलं. मी झाकण लावत होते तेवढ्यात शिपाई आत आला, त्याच्या हातात पुडा. त्याला परीक्षा सुरू व्हायच्या आधीच पाठवलेलं होतं. पुड्यातून कचोऱ्या निघाल्या. कागदातून तेल टेबलावर उतरलं होतं. साहेबांनी पहिली उचलली, फोडली, तिच्यात चिंचेची चटणी ओतली आणि तोंड भरलेलं असतानाच मिसिसिपीबद्दल पुन्हा बोलू लागले. मलाही एक कचोरी पुढे केली. "घ्या, लाजू नका."

साहेबांच्या हनुवटीवर ओघळलेलं तेल मला अजून दिसतं. कोणी शिवी दिली असती तर मी शिवी दिली असती. इथे सगळे गोड बोलत होते, माझं कौतुक करत होते, आणि चौघंही डब्याच्या बाजूला हात जाणार नाही असे बेतानं बसले होते. कचोरी मी घेतली नाही. डबा पिशवीत घातला, नमस्कार केला आणि निघाले. नमस्कार कशाला केला, याचा मला आजही स्वतःवर संताप येतो.

घरी आई दारातच उभी होती. तिनं पिशवी माझ्या हातातून घेतली आणि घेताक्षणीच तिला कळलं. भरलेला डबा काही लपत नाही.

"पास होशील न?" तिनं विचारलं.

"पहिल्या वर्गात, असं म्हणाले."

"बरं झालं."

मी सगळं बोलून टाकलं. कचोऱ्या, तेलकट, शिपाई, एकूण एक. मला वाटलं ती चिडेल, त्यांचा उद्धार करेल. मला ते हवंच होतं. तिनं ऐकून घेतलं. डबा उघडला, शेजारपाजारची पोरं बोलावली आणि वड्या वाटून टाकल्या. स्वतः एकही खाल्ली नाही. मग डबा घासायला बसली. राख लावून, आत-बाहेर, खूप वेळ घासत होती.

"निकाल लागला की पेढे द्यायचे असतील न त्याइले?" पाठमोरीच म्हणाली.

"मी नाही देणार."

"देजो. मास्तर हायेत, नोकरी त्याइच्याच हातात हाय. दुकानातून नेजो." तिनं डबा पालथा घातला. "आन् खोक्याची दोरी घरी सोडू नको. त्याइच्यासमोर सोडजो, म्हणजे खातील."