पिवळ्या रुमालाची खुर्ची

आमच्या घरात आत्याला ‘वर्गणी’ म्हणतात. तोंडावर. ती संध्याकाळी कामावरून दारात दिसली की बाबा शर्टाचा खिसा घट्ट धरून म्हणतात, “आज काही नाही गं, पुढच्या घरी बघ.” ती हसते, चपला काढते आणि सरळ स्वयंपाकघरात जाते.

गंमत म्हणजे आत्या कधीच पैसे मागत नाही. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेसाठी देणग्या मिळवणं ही तिची नोकरी, आणि न मागणं ही तिची पद्धत. ती लोकांकडे जाते, बसते, ऐकते. कुणाचा गुडघा, कुणाची सून, कुणाच्या मांजरीचं बाळंतपण, सगळं तिला तोंडपाठ. मग कधीतरी तो माणूस आपणहून विचारतो, “तुमच्या शाळेला काही लागतं का हो?”

घड्याळवाल्या काकांनी तेवढं अजून विचारलं नव्हतं. चौकातलं त्यांचं दुकान कधीचंच बंद होतं. बायको गेलेली, मूलबाळ नाही. त्या जागेवर गावातल्या निम्म्या संस्थांचा डोळा. कुणीही घरी आलं की काका दार अर्धवट उघडून विचारायचे, “घड्याळ बिघडलंय?” नाही म्हटलं की दार बंद. आत्या आमचं पुढे धावणारं भिंतीवरचं घड्याळ काखेत मारून गेली, आणि तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी सहाला त्यांच्याकडे चहाला जात राहिली. काका तिला ‘पोरी’ म्हणायचे. आत्याचे केस निम्मे पांढरे. पण ते ‘पोरी’ ऐकायची तिला इतकी गोडी लागली की गुरुवारी आमच्याकडे कुणाला आजारी पडायची सोय उरली नाही.

एका गुरुवारी काकांनी काकूंची गोष्ट सांगितली. नाटकाला काकू आधी जायच्या आणि शेजारच्या खुर्चीवर आपला पिवळा रुमाल टाकून जागा धरायच्या. काका पोचायचे पहिला प्रवेश संपल्यावर. “अख्ख्या गावाची घड्याळं लावणारा माणूस, आणि स्वतः कायम उशिरा,” असं म्हणून ते हसले, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले. “हे कुणाला सांगितलं नव्हतं, पोरी.”

आत्याने सांगितलं. शनिवारी.

शाळेच्या कचेरीत दर शनिवारी बैठक असते. देणगीदारांना भेटणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या माणसाबद्दल नवीन काय ते बोलायचं, आणि साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये टाकायचं. आत्याला वाटायचं, माणसं विसरली जाऊ नयेत म्हणून हे सगळं. साहेबांनाही ती विसरायची नव्हतीच. त्यांचं कारण तेवढं वेगळं होतं. रुमालाचं ऐकून साहेबांचे डोळे ओले झाले. खरं तर तिथेच तिने सावध व्हायला हवं होतं. साहेबांचे डोळे फुकट ओले होत नाहीत.

शाळेच्या वार्षिक समारंभाला आत्याने काकांना हट्टाने नेलं. नवा शर्ट, पहिली रांग, आणि चक्क वेळेवर! मुलांनी हातांनी गाणं म्हटलं. काका अंगठ्याने मांडीवर ठेका धरून होते. मग पडदा सरला. व्यासपीठाच्या मधोमध एकच खुर्ची, तिच्यावर पिवळा रुमाल, आणि वरून दिव्याचा झोत.

“ही जागा एका माउलीने धरून ठेवली आहे,” साहेब माइकवर म्हणाले. “कुणासाठी? आपल्या या लेकरांसाठी! आणि त्यांचे यजमान आज आपल्यात बसले आहेत...”

टाळ्या पडल्या. मुलांनी दोन्ही हात वर करून हलवले, ती त्यांची टाळी. काकांनी खुर्चीकडे एकदाच पाहिलं. मग वळून आत्याकडे. उठले, वर गेले, रुमालाला हात न लावता माइकमध्ये म्हणाले, “दुकानाची जागा दिली,” आणि बाजूच्या दाराने निघून गेले.

साहेबांनी पुष्पगुच्छ दिला, तो आत्याला.

गुरुवारी ती गेली. दार अर्धवट उघडलं.

“या मॅडम.”

टेबलावर सह्या केलेले कागद तयार होते. चहाचं नाव नाही.

“काका, असं काही करा म्हणून मी नव्हतं सांगितलं त्यांना.”

“रुमालाचं सांगितलंत?”

“हो.”

“मग झालं तर.” त्यांनी कागद पुढे सरकवले. “जागा हवी होती, तर पहिल्याच दिवशी मागायची. दिली असती मी. मुलं गोड आहेत. एवढे गुरुवार कशाला वाया घालवलेत?”

ते गुरुवार जागेसाठी नव्हते, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण पहिला तर जागेसाठीच होता. मग नेमका कुठल्या गुरुवारपासून नव्हता, ते तिला सांगता येईना.

कचेरीत साहेबांनी कागद छातीशी धरले. शिपाई टेबलावर सांडलेला चहा पुसत होता. पिवळ्या रुमालाने.

“साहेब, हा रुमाल...”

“अहो, बाजारातून आणलेला तो. हवा तर घेऊन जा. तुम्ही कमाल केलीत हं! बरं, आता पुढचे कोण?”

आत्याने रुमाल तेवढा उचलला.

तो काकूंचा नव्हे हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. तरी तो आमच्या दोरीवर वाळत असतो; चहाचा डाग निघत नाही म्हणून ती पुन्हा पुन्हा धुते. बाबा हल्ली खिसा धरत नाहीत. काकांनी लावून दिलेलं भिंतीवरचं घड्याळ मात्र अगदी बरोबर चालतं. गुरुवारी सहाचे ठोके पडायच्या आधी बाबा उठतात आणि उगाचच टीव्हीचा आवाज मोठा करतात.