काचवाल्यांचं लुकण

आमच्या मजल्यावर दोनच घरं. एक आमचं, दुसरं काचवाल्यांचं. मध्ये एक विटेची भिंत, आणि त्या भिंतीला माझा कान असतो हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. त्यावरून लोक मला नावं ठेवतात आणि संध्याकाळी बातमी काढायला माझ्याच दारात येतात.

काचवाले म्हणजे चाळीस वर्षं या भागातल्या खिडक्यांना काचा बसवणारा माणूस. अंगानं काडी, पण बोटं लोहाराची. काच कापायच्या हिरकणीनं रेघ ओढायची, बोटानं एक टिचकी, की तावदान मुकाट दोन तुकड्यांत सुटायचं. लुकणही घरीच करायचे. खडूची पूड आणि जवसाचं तेल कणकेसारखं मळायचे आणि काचेच्या कडेला अंगठ्यानं दाबून बसवायचे. वारा सोडा, मुंगीलाही वाट राहायची नाही. आणि एक खोड होती. काच फोडून काढायची नाही. तडा गेलेली असली तरी जुनं लुकण पट्टीनं खरवडून सोडवायची. "फोडायला काय, कुणीही फोडेल," म्हणायचे. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे लागणार आहे.

बायको जाऊन सहा वर्षं झाली. दीड वर्ष खोकत होती बिचारी. यांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "कारखान्याच्या धुरानं झालं का?" डॉक्टर म्हणाले, "असेलही, नसेलही." बाई गेली आणि ते उत्तर घरात राहिलं. माझ्या मते सगळं तिथून सुरू झालं. "हो" म्हटलं असतं तर माणूस भांडला असता, "नाही" म्हटलं असतं तर रडून मोकळा झाला असता. हे मधलं उत्तर घेऊन माणसानं झोपायचं कसं?

कारखाना गल्लीच्या टोकाला. रंग बनवतात. त्याचा वास कुणाला जळक्या रबराचा वाटतो, कुणाला गोडसर, आणि ज्यांच्या घरातला कर्ता तिथे कामाला आहे त्यांना येतच नाही. गल्लीत अशी घरं अर्ध्याहून जास्त. आमचंही त्यातलंच. आमचे हे तिथे बॉयलरवर. खालच्या मजल्यावरच्या बाईंचा नवरा सुपरवायझर, म्हणून त्यांना मी सुपरवायझरीण म्हणते. त्यांच्यासमोर वासाचा विषय निघाला की त्या नाक वर करून विचारायच्या, "वास? कसला वास?" नाक वर केल्यावर तर जास्तच यायला हवा, पण असो.

काचवाले आधी सगळ्यांना विचारायचे. जिन्यात, दुकानात, नळावर. "आज डोळे चुरचुरतात का हो तुमचे?" एकदा आमच्या ह्यांना त्यांनी खिडकीवरून फिरवलेलं बोट दाखवलं. बोटावर पिवळट थर. "पाण्यानं जात नाही हा. माझी काच आहे, मला कळतं."

हे म्हणाले, "धूळ असेल."

"काचेला नोकरी जायची भीती नसते," काचवाले म्हणाले. ह्यांनी चहा अर्धा सोडला आणि उठून आत गेले.

एकदा तपासणीलाही माणूस आला. गच्चीवर पेटी ठेवून गेला. नेमका त्या आठवड्यात कारखाना दुरुस्तीसाठी बंद. कागद आला, त्यात सगळं मर्यादेत. काचवाले तो कागद घेऊन दारोदार फिरले. मग ते सगळ्या फटी बुजवायला लागले, उन्हाळ्यातही खिडक्या लावून बसायला लागले, आणि मी त्यांचं नाव ठेवलं "बाटलीतले आजोबा". नाव चाललं. पोरंटोरंही म्हणायला लागली. माझी नावं चालतातच. पण त्यानंतर काचवाल्यांनी कुणालाही काही विचारणं बंद केलं, हे मात्र माझ्या उशिरा लक्षात आलं.

गेल्या वर्षी त्यांची नात त्यांच्याकडे राहायला आली. सात वर्षांची, सगळे बारकी म्हणतात. लेक दुसऱ्या गावी नर्स आहे, पाळ्या वेड्यावाकड्या, जावयाचं नाव त्या घरात निघत नाही. बारकी आली आणि काचवाल्यांच्या गालाला जरा मांस आलं. पण पोरगी खोकायला लागली. मग काय, ती खोकली की काचवाले दारात. कपाळ बघ, छातीला कान लाव, खिडकी ओढ. शाळेतून आली की नाकात काळं आहे का बघ.

त्या मंगळवारी लेकीचा फोन आला. फोन त्यांच्या घरात, पण बोलणं मला अख्खं ऐकू आलं. लेकीचा आवाज नर्सचा, वॉर्डभर पोचणारा.

"बाबा, तिच्या बाई म्हणाल्या, ती चित्रात सगळ्या माणसांची तोंडं फडक्यानं बांधते. झाडालासुद्धा."

"हवा खराब आहे इथली, मी काय करू?"

"हवेचं नंतर बघू. तुमची भीती तिच्या अंगात शिरतेय. मी शुक्रवारी येतेय. घर असंच असेल आणि ती अशीच खोकत असेल, तर मी तिला घेऊन जाणार. वसतिगृहात ठेवीन."

पलीकडे फोन ठेवला गेला. मग लुकण मळायचा आवाज सुरू झाला. थप, थप, थप.

दुसरा कुणी असता तर त्यानं खिडक्या उघडल्या असत्या, निदान लेकीपुरत्या. पण यांच्या डोक्यानं वेगळाच हिशोब मांडला. पोरगी खोकते म्हणून लेक नेणार. तर शुक्रवारपर्यंत खोकला थांबला पाहिजे. खोकला धुरानं. मग धूर पार थांबला पाहिजे. बुधवार-गुरुवार त्यांनी घराची एकेक फट शोधली. स्वयंपाकघराची जाळी गेली, तिथे काच आली. न्हाणीघराच्या वरच्या झरोक्याला काच आणि भोवती ताजं लुकण. दाराच्या खालच्या फटीत कापडाची सुरळी.

गुरुवारी जिन्यात भेटले. म्हटलं, "काय काचवाले, बूच कधी लावताय?"

ते हसले नाहीत. "वहिनी, दोन दिवस ती एकदाही खोकली नाही." डोळे लाल, पण चेहरा परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा. मलाही वाटलं, बरं झालं बाई.

शुक्रवारी सकाळी सातला बारकीनं अंघोळीला दार लावलं. आई यायची म्हणून डोक्यावरून. न्हाणीघर आमच्या भिंतीला लागून, आत गॅसचा गीझर, तो सुरू झाला की भिंत गुणगुणते. बारकी अंघोळ करताना आकडे गाते. एकपासून सुरू करते आणि तांब्यागणिक एक वाढवते. त्या दिवशी मी पलीकडे भांडी घासत होते. अठ्ठावीस झाले, एकोणतीस झाले. एकतीसला आवाज जरा लोळला. मग पस्तीस, मग पुन्हा बत्तीस.

मग काहीच नाही. पाणी मात्र चालू. गीझर गुणगुणतोय.

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मनात म्हटलं, विसरली असेल पुढचा आकडा. पण शंभरपर्यंत येतं तिला, मीच शिकवलंय. पन्नास मोजेपर्यंत थांबले. तेही जास्तच झालं, आता वाटतं. तशीच ओल्या हातानं गेले आणि त्यांचं दार बडवलं.

काचवाल्यांनी दार उघडलं, पण मला ओळखायला त्यांना वेळ लागला. "डोकं धरलंय," म्हणाले. घरात कोंदट, उबट हवा, पण वास कसलाच नाही.

"बारकी कुठे?"

"अंघोळ करतेय."

"बोलत का नाही मग?"

न्हाणीघराचं दार आतून कडी लावलेलं. हाका मारल्या. पाणी वाजतंय, बाकी शांत. दाराच्या वरच्या अर्ध्या भागात खरखरीत काच, त्यांनीच कधीतरी बसवलेली. काचवाले भेलकांडत आत गेले आणि काहीतरी घेऊन आले. मला वाटलं हातोडी. ती लुकण खरवडायची पट्टी होती. आणि हा माणूस काचेच्या कडेनं खरवडायला लागला. वीस वर्षांचं लुकण, दगड झालेलं. एक ढलपी निघाली, दुसरी निघाली. हात सवयीनं चालले होते, डोळे भलतीकडेच होते.

"अहो, फोडा ती."

"सुटेल, आता सुटेल..."

मी त्यांना कोपरानं बाजूला केलं, स्टूल उचललं आणि घातलं काचेत. दुसऱ्या दणक्याला फुटली. हात आत घालून कडी काढली. मनगट कापलं ते मला खूप नंतर कळलं.

बारकी भिंतीला टेकून बसली होती, मान छातीवर, तांब्या मांडीत. मी नळ आणि गीझर बंद केला, तिला टॉवेलात गुंडाळलं आणि बाहेरच्या गॅलरीत नेलं. त्या दिवशी हवेला असा वास होता की माझ्याच घशात चरचरलं. त्याच हवेपासून तिला वाचवायला आजोबांनी दोन दिवस अंगठे झिजवले होते. त्याच हवेत मी तिला आडवी धरून म्हणत होते, "घे गं, घे, श्वास घे."

तिनं घेतला. मग खोकली. मोठ्यानं, पोटातून. मला तो आवाज इतका गोड लागला की काय सांगू.

दवाखान्यात दुपारपर्यंत ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी समजावलं, गीझरच्या ज्वाळेला हवा कमी पडली की विषारी वायू होतो. वास नाही, रंग नाही. फट असती तर निघून गेला असता. काचवाले ऐकत होते आणि स्वतःच्या अंगठ्यांकडे बघत होते.

लेक थेट दवाखान्यात आली. पोरगी धडधाकट आहे म्हटल्यावर संध्याकाळी सगळे आमच्या घरी बसले, कारण त्यांच्या घरात काचा पसरल्या होत्या. लेक ओरडेल म्हणून मी कान तयार ठेवले होते. ती ओरडली नाही. तेच वाईट.

"उद्या सकाळच्या गाडीनं नेते तिला," एवढंच म्हणाली.

"दोन दिवस खोकली नव्हती गं," काचवाले म्हणाले.

बारकी आईच्या मांडीवरून म्हणाली, "मी खोकत होते. उशीत तोंड घालून. आबा घाबरतात ना."

काचवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि घातलाच नाही. आणि मग आमचे हे, जे लग्नात अक्षता पडल्यापासून मोजून बोलत आले आहेत, ते भिंतीकडे बघत बोलले.

"मंगळवार आणि शुक्रवार. सकाळी सहा ते साडेसात. धुराड्याची वरची झडप उघडतात. बाकीच्या वेळी एवढं नसतं."

लेकीनं मान वळवली. "काका, तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"नऊ वर्षं."

काचवाल्यांची बायको सहा वर्षांपूर्वी गेली. हा हिशोब त्या खोलीत सगळ्यांनी केला. मीसुद्धा. खोटं कशाला सांगू, मलाही अगदीच माहीत नव्हतं असं नाही. त्या दोन वारांना ह्यांचा शर्ट दोनदा धुवावा लागतो. दोनदा धुवायचा आणि का ते विचारायचं नाही, हे मी नऊ वर्षं केलं, आणि वर दुसऱ्याला बाटलीतले आजोबा म्हटलं.

काचवाले उठले. मला वाटलं, आता ह्यांची गचांडी धरतात. ह्यांनाही वाटलं असावं, कारण हे हलले नाहीत. काचवाल्यांनी खिशातून काचेवर खूण करायची पेन्सिल काढली.

"सहा म्हणजे बरोबर सहा?"

"पाच-दहा मिनिटं पुढे-मागे. कधी वारही बदलतो. आदल्या दिवशी सांगतात."

"मग मला कसं कळणार?"

हे सांगत सुटले आणि वर कळलं, तर नोकरी गेलीच. शेवटी मीच म्हटलं, "ह्यांचा लाल टॉवेल आहे. तो गॅलरीत दिसला की खिडक्या लावा. काढला की उघडा. धुणं वाळत घातलं म्हणून कुणाला कामावरून काढत नाहीत अजून."

लेक हसली नाही, पण दुसऱ्या दिवशी बारकीला घेऊन जाताना म्हणाली, "काकू, तीन आठवडे बघते."

त्या तीन आठवड्यांत काचवाल्यांनी सगळं ताजं लुकण खरवडलं. न्हाणीघराच्या झरोक्याला परत जाळी बसली. पहिल्या मंगळवारी टॉवेल निघाल्यावर खिडकी उघडायला त्यांना वीस मिनिटं लागली. मी मोजत होते. कडीला हात लावायचे, काढायचे, परत लावायचे. तिसऱ्या आठवड्यात चार मिनिटांवर आले. बारकी परत आली. आता खोकते तेव्हा मोठ्यानं खोकते. काचवाले जागचे उठतात, आधी माझ्या गॅलरीकडे बघतात आणि बहुतेक वेळा परत बसतात. भीती गेली नाही. जाईल कशी, झडप आहे तिथेच आहे. फक्त आता तिला वेळापत्रक आहे.

परवा मात्र गंमत झाली. शुक्रवार, मी जरा जास्त झोपले. सहाला पाच कमी असताना दार वाजलं. काचवाले असतील म्हणून उघडलं, तर सुपरवायझरीण. केस विस्कटलेले, नाक पदराखाली.

"आज टॉवेल नाही घातला तुम्ही," ती हळूच म्हणाली.

म्हटलं, "टॉवेल? कसला टॉवेल?"

ती जागची हलली नाही. जिन्यात खाली-वर बघितलं आणि म्हणाली, "तो लाल. अहो, घाला ना लवकर. सगळे थांबलेत."

मी गॅलरीत गेले. समोरच्या बाजूला निदान दहा-बारा खिडक्या अर्धवट उघड्या, आणि प्रत्येकीत एक हात कडीवर. मी टॉवेल झटकला आणि दांडीवर टाकला. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कड्या वाजत गेल्या, आणि चोहीकडून काचवाल्यांच्याच काचा बंद झाल्या.