लांब हाताच्या मशीनवर काकू

जुन्नरच्या बाजारात एका गोदामात बाहेरगावी जाणाऱ्या रजया शिवायचं काम चालायचं. डिंगोऱ्याहून आम्ही सात-आठ बायका सकाळच्या एसटीनं तिथं जायचो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. बायकांनी हातानं टाके घालायचे आणि मशीनवर पुरुषांनी बसायचं, अशी तिथली रीत. का, असं विचारलं की लोक माझ्याकडे बघत राहायचे. जणू मी सूर्य पूर्वेलाच का उगवतो असं विचारलं.

मग ते मोठं मशीन आलं. साध्या शिवणकामात मशीन जागेवर बसतं आणि कापड सरकतं. इथं सगळं उलटं. रजईचे तिन्ही थर, म्हणजे वरचं कापड, मधला कापूस आणि अस्तर, पलंगाहून लांब चौकटीवर रुळांना गुंडाळून ताणलेले, आणि लांब हाताचं मशीनच चाकांवर फिरणार. दोन मुठी धरायच्या आणि सुईनं कापडावर नक्षी काढायची. टाका केवढा पडेल हे आपल्या हातावर. हात रेंगाळला की टाके मुंगीएवढे, पळाला की बोटाच्या पेराएवढे.

फोरमननं पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "ह्ये बायकांचं काम न्हाई. खांदं भरून येतील." डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बायकांना हा माणूस खांद्यांची काळजी सांगत होता! मी तेव्हा एका संघटनेत होते, पत्रकं लिहायचे. दुसऱ्या दिवशी मी पत्रक काढलं. मथळा, 'मशीन कुणाच्या बापाचं?' झेरॉक्स करून एसटी स्टँडवर वाटलं, गोदामाच्या दारातही वाटलं. फोरमन वैतागला.

"बरं बाई," तो म्हणाला, "तुमच्यातली एक द्या. महिनाभर करू दे सराव. मग एक अख्खी रजई, एकबी चुणी न पाडता. जमलं तर मशीन तिचं. न्हाईतर पुण्यास्नं माणूस आणतो."

मी काकूचं नाव दिलं. काकू म्हणजे माझी सख्खी चुलती, गोधडी शिवण्यात आमच्या आळीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण मी नाव दिलं ते तिला न विचारता. बायकांना कुणी विचारत नाही, असं पत्रकात चार वेळा लिहिणारी मीच होते.

काकूला मशीन हवं होतं, हे मात्र खरं. तिच्या उजव्या हाताची बोटं सकाळी मिटत नसत. तीन थरांतून सुई ओढून ओढून सांधे सुजले होते. डॉक्टरनं बारीक सुईकाम बंद करायला सांगितलेलं, खुरपंही धरवत नव्हतं. मशीनच्या मुठी अख्ख्या तळव्यात बसतात. तेव्हा एक तर हे मशीन, नाहीतर घरी बसणं.

"इचारलं असतंस तर बरं झालं असतं," एवढंच ती म्हणाली. "आता दिलंच हाय नाव, तर बघू."

सराव सुरू झाला तो कागदावर. फोरमनकडे नमुन्यांचा एक मळका कागद होता. नागमोडी, वेलाची गाठ, खडे, मोरपीस. पेन्सिल न उचलता तेच तेच गिरवायचं, म्हणजे हाताला वाट पाठ होते. दुपारी लोडशेडिंग असायचं, मशीन बंद. मग काकू माझ्या उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मोरपिसं काढत बसायची.

"पत्रकाचा पहिल्यांदा काहीतरी उपेग झाला बघ," एक शेजारीण म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मलाही हसावं लागलं.

लाईट आली की जुन्या चादरीवर सराव. वळणावर काकूचा हात पळायचा आणि खालच्या बाजूला दोऱ्याचे बारीक फास उठायचे, डोळ्याच्या पापण्यांसारखे. ते आठवड्याभरात गेले. पण दुसरी अडचण हलेना. मधोमध चुणी. रोज. मशीनच्या टप्प्यात येईल तेवढा हात-दीड हात रुंदीचा पट्टा ती शिवायची, आणि दर पट्ट्याच्या मध्यावर कापड फुगून दुमडायचं.

"गोधडीची खोड हाय ती, मावशी," फोरमन म्हणायचा. "जायाची न्हाई."

मी भांडायला उठले, पण तो खरं बोलत होता. गोधडी आम्ही काठाकडून आत शिवतो. चार बायका चार बाजूंना बसतात, आधी कडा पक्क्या होतात, मग ओळीमागून ओळ मध्याकडे सरकते. काकू इथंही तेच करत होती. आधी पट्ट्याच्या चारी कडांवरून सुई फिरवायची आणि मग आत भरत जायचं.

मी तिला समजावलं. भाषणच दिलं. जुन्या सवयी मोडल्याशिवाय बायका पुढं जाणार नाहीत, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"झालं? आता गप ऱ्हा जरा." मग ती ताणलेल्या कापडावर तळवा फिरवत राहिली. तळवा मधोमध थांबवून म्हणाली, "गोधडी शिवताना माझा डावा हात कापडावर असतो गं. झोळ आला की मी त्याला सारते, सुई मागनं येती. हितं दोन्ही हात मुठींवर. झोळाला सारायचं कुणी? मी त्याला चारी बाजूंनी कोंडतीया."

त्या दिवसापासून तिनं कडा शिवणं सोडलं. डावीकडून सुरू करायचं, उजवी बाजू मोकळी ठेवायची. झोळ सुईच्या पुढं पुढं सरकत कडेला निघून जायचा. सवय मोडायला दहा-बारा दिवस लागले. मधेच हात कडेकडे वळायचा, ती स्वतःलाच शिवी घालायची आणि मशीन थांबवायची.

परीक्षेच्या दिवशी फोरमननं रजई चढवली ती नेमकी अकराला. बाराला लाईट जाते आणि शिवण मधेच थांबली की जोड दिसतो, हे त्याला माहीत नव्हतं? मी तोंड उघडलं, तर काकूनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी दाराच्या पायरीवर जाऊन बसले, तिथून मशीन दिसायचं.

बाराला लाईट गेलीच. सुई कापडात, अर्ध्या मोरपिसावर. काकूनं चाक हातानं फिरवून सुई वर घेतली, कापडावर फडकं टाकलं, आणि भाकरी खाल्ली. दोन तासांनी लाईट आल्यावर तिनं खालचा दोरा वर ओढून घेतला, जुन्याच टाक्यांवर चार बारीक टाके घातले आणि मग पुढं निघाली. चारला रजई उतरली.

फोरमननं ती टेबलावर उलटी पसरली. खालच्या बाजूनं बोटं फिरवत पूर्ण रजई दोनदा तपासली. चुणी नव्हती, पापण्याही नव्हत्या.

"लाईट गेली तवा सुई कुठं व्हती?" त्यानं विचारलं.

त्यानं पुन्हा शोधलं, चष्मा लावून शोधलं. शेवटी काकूनंच बोट ठेवून जागा दाखवली.

"बरं," तो म्हणाला. "उद्यापासनं मशीन तुमचं. तुमच्या पुतणीनं परत पत्रक काढू ने म्हणून देतोय हां!"

माझं डोकं फिरलं. उत्तर ओठांवर होतं, चांगलं तीन मुद्द्यांचं. पण काकू आधी बोलली.

"ते असू द्या, भाऊ. ही चौकट आधी चार बोटं खाली घ्या. पुरुषाच्या उंचीनं बसवलीया, माझं खांदं खरंच भरून येत्यात."

फोरमननं तिच्याकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं, आणि पाना आणायला आत गेला.