अर्धा पेढा

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, अर्धं माहीत आहे — गोळीचं. उरलेलं अर्धं तिलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. ओळखत असतात तर मी तुम्हाला ज्वारीचे फायदे सांगत बसलो असतो.

गारखेड्यात आमच्या कॉलनीमागच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्यांना मी चांगला ठाऊक आहे. मैदा सोडा, साखर सोडा, पाकीटबंद काही घरात आणू नका, करडीचं तेल घाण्यावर उभं राहून डोळ्यांदेखत काढून आणा — हे सगळं मीच त्यांच्या डोक्यात भरलं. लोक मला ‘भाकरीवाले साहेब’ म्हणतात. तीस वर्षं सरकारी कचेरीत खुर्ची झिजवली, तिथं मला कुणी साहेब म्हटलं नव्हतं.

सुरुवातीपासून सांगतो. तशी सवय आहे मला — सुरुवातीपासून सांगायचं आणि शेवट यायच्या आत थांबायचं. आज थांबणार नाही.

सहा वर्षांपूर्वी मला साखर निघाली. घाबरलो. खाणं बदललं. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, पालेभाजी, कारळाची चटणी, ताक. बिस्किटं, फरसाण, खारी — सगळं बंद. वजन उतरलं, रिपोर्ट सुधारला. यात खोटं काही नाही. खाण्यानं मला खरंच फायदा झाला. डॉक्टरांनी दोन गोळ्यांची एक केली. ती एक मी माझ्या मनानंच बंद केली आणि दुसऱ्या दिवशी बागेत जाहीर करून टाकलं, गोळ्या सुटल्या! टाळ्या पडल्या हो. माझ्यासाठी, आयुष्यात पहिल्यांदा.

तीन आठवड्यांत तहान लागायला लागली. कितीही पाणी प्यायलो तरी घसा कोरडा. अंगात त्राण नाही, पायाला मुंग्या. डॉक्टरांनी चांगलं फैलावर घेतलं आणि गोळी पुन्हा सुरू केली. ती आजही सुरू आहे. फक्त बागेत ते सांगायचं राहिलं. राहिलं — बघा, कसा शब्द वापरतोय. सांगितलं नाही. लोक आमचं स्वयंपाकघर बघायला यायचे, म्हणून सुनंदानं गोळ्या हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवल्या. तेव्हापासून माझ्या गोळीला हिंगाचा वास येतो.

एवढंच असतं तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. स्वतःबद्दल थोड्या थापा कोण मारत नाही?

अक्का माझी थोरली बहीण. मुकुंदवाडीत स्टेशनजवळ मुलाकडे राहते. चौथीपर्यंत शिकलेली. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं — पण ते इथं कशाला? तुम्हाला माझी जास्त चीड यावी म्हणून? असू दे. तिला माझ्या आधीपासून साखर, रोजच्या गोळ्या. एका सकाळी ती आमच्याकडे आली. बैठकीत बागेतले दोघं आंबील पीत बसले होते. तिनं चप्पल काढता काढताच विचारलं,

“बापू, खरंच सुटल्या व्हय रं तुझ्या गोळ्या?”

ते दोघं माझ्याकडे बघत होते.

“सुटल्या,” मी म्हणालो.

“मग मी बी सोडते. लई वैताग आलाय.”

‘आधी डॉक्टरांना विचार,’ एवढंसुद्धा मी म्हणालो नाही. बरं, ते दोघं अर्ध्या तासात गेले. अक्का जेवायला थांबली होती. ताटावर सांगता आलं असतं. तिला रिक्षात बसवताना सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी फोनवर — त्यानंतर किती तरी दिवस. काय झालं असतं? “लबाड हायेस,” म्हणून हसली असती आणि गोळी घेतली असती. मला हे तेव्हाही कळत होतं.

अक्कानं दोनशे पानी वही केली. रोज काय खाल्लं ते मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहायची. ‘भाकर एक. अंबाडीची भाजी. जवसाची चटणी.’ दर रविवारी मी जायचो आणि लाल पेनानं बरोबरच्या खुणा करायचो. हो, मास्तरासारख्या. कधी ‘छान’ असा शेराही मारायचो. तिला ते फार आवडायचं. आधी तिचंही वजन उतरलं, खूश होती.

मग एका रविवारी म्हणाली, “बापू, तहान लई लागते रं. पाणी पुरंनाच.”

ती तहान मी ओळखत होतो. तुम्हाला आत्ताच सांगितली ना, तीच. पायाच्या मुंग्याही तिनं सांगितल्या, त्याही मला पाठ होत्या. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, शरीर शुद्ध होतंय, घाण बाहेर पडतेय, थोडं सोसावं लागतं. मशीनवर साखर मोजायची म्हणाली, तर म्हणालो, आकड्यांच्या नादी लागू नकोस. तिनं सोसलं. वर्ष गेलं, आणखी काही महिने गेले. मी खुणा करत राहिलो.

एका सकाळी तिच्या डाव्या डोळ्यापुढे तव्याच्या काजळीसारखं काळं तरंगायला लागलं आणि दोन दिवसांत त्या डोळ्यानं दिसेनासं झालं. पडद्यावर रक्त उतरलं होतं. साखर इतकी वाढलेली, की डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला — गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद केल्या?

“माझ्याच मनानं,” अक्का म्हणाली.

मी तिच्या शेजारी उभा होतो. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, तो वाचत राहिलो. शेवटची ओळसुद्धा मला दिसत होती.

डावा डोळा गेला. उजवाही अधू झाला; त्यानं माणूस आहे एवढं दिसतं, कोण आहे ते आवाजावरून कळतं.

आता ते उरलेलं अर्धं. दवाखान्यातून घरी आणल्यावर अक्कानं वही मागवली. माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, “तू बी तेच खाल्लंस, मी बी तेच खाल्लं. तुला काय नाय झालं. म्हंजे माझंच कायतरी चुकलंय. बघ की रं जरा, कुठं चुकलं.”

खोलीत तिची नात ऋतुजा होती, पलंगाच्या कडेला बसलेली. मी वही चाळायला लागलो. काय शोधत होतो मी? तिची चूक. खरोखर शोधत होतो, चष्मा लावून, पान न् पान. सापडेना. एवढी नेटकी माणसं असतात का? शेवटी एक ओळ सापडली — ‘ऋतुजाचा धाव्वीचा निकाल. अर्धा पेढा.’

तिथं बोट ठेवून मी म्हणालो, “हे बघ अक्का. हे इथं.” तिला बोट कुठून दिसणार? मग मी ती ओळ मोठ्यानं वाचली.

“व्हय,” अक्का म्हणाली. “पोरीनं तोंडात घातला, नाय कसं म्हणू. तेवढंच चुकलं बघ.”

ऋतुजा उठून आत गेली.

मी तिला थांबवलं नाही. वही मिटली, चहाला नको म्हणालो, रिक्षा करून घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेतली. मला तेव्हा खूप काही वाटायला हवं होतं, नाही का? वाटलं नाही. आजही वाटत नाही. जिभेवर हिंगाची चव येते, पाणी पितो, पायात बूट घालून बागेत जातो.

अक्का आता इंजेक्शन घेते आणि भाकरीही सोडलेली नाही. भेटायला येणाऱ्यांना सांगते, “बापूला नाय लागत औषध. मला माझ्या चुकीचं लागतं. अर्ध्या पेढ्यानं डोळा नेला माझा.” माणूस नवीन आलं की ती हे पुन्हा सांगते. तेव्हा ऋतुजा खोलीत असली तर खाली मान घालून बसते. इंजेक्शन तीच टोचते. वहीही आता तीच लिहिते. तिचं अक्षर सुरेख आहे. ती घरात गोड खात नाही, बाहेरही नाही, असं तिची आई सुनंदाला सांगत होती. शहाणी पोर आहे, असं दोघींचं मत पडलं.

यंदा तिचा बारावीचा निकाल लागला. चांगले मार्क पडले. रविवारी मी गेलो तेव्हा तिनं माझ्या पाया पडून भाजलेल्या फुटाण्यांची वाटी पुढे केली. मी फुटाणे खाल्ले. अक्का म्हणाली, “वही बघ की.” ऋतुजानं वही उघडून माझ्यासमोर धरली. निकालाच्या तारखेपुढे लिहिलं होतं — ‘निकाल लागला. आजीला गोड काही दिलं नाही.’

मी खिशातून लाल पेन काढलं आणि त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.