हॉलमधला तंबू

काकूंनी माझ्या हातात फोन दिला आणि म्हणाल्या, "करुणाच्या ऑफिसातून आहे. इंग्रजीत काहीतरी घाईघाईनं बोलून राहिले. पाह्य बरं तू." बुधवारची दुपार होती, मी नुकताच कुकर चढवला होता. काकू म्हणजे करुणाची आई, आमच्याच मजल्यावरच्या, कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाच्या. अशा फोन घेऊन त्या अधूनमधून यायच्याच, कधी बँकवाले, कधी पार्सलवाला. त्यामुळं मी हसत हसतच हॅलो म्हटलं. पलीकडची मुलगी रडत होती. करुणा मीटिंगमधून पाणी प्यायला उठली, तिथंच कोसळली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव. मी ऐकत होते आणि काकू माझ्या तोंडाकडं बघत उभ्या होत्या. एखाद्या आईच्या आधी आपल्याला ती बातमी कळावी आणि ती आई आपल्याच दारात उभी असावी, हे वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. मी त्यांना कसं सांगितलं, आठवत नाही. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, ते मात्र आठवतं.

त्या दिवशी करुणाच्या हॉलमध्ये तंबू उभा होता. तुम्हाला हे चमत्कारिक वाटेल, आमच्या मजल्यावर कुणालाच वाटलं नसतं. महिन्यातल्या एखाद्या रविवारी करुणा सोफा भिंतीला सरकवायची, पंखा सगळ्यात जोरात सोडायची आणि भर हॉलमध्ये आपला हिरवा तंबू उभा करायची. ती पॉलिमरमध्ये संशोधन करणारी, त्यामुळं कारण तिच्याकडं तयार असे. तंबूच्या कापडाला आतून पाणी अडवणारा एक थर असतो, सिंगापूरच्या दमट हवेत घडी घालून ठेवला की तो चिकट होतो, वास मारायला लागतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात. मी पुण्याची, मला पसारा बघवत नाही. "अगं, वर्षातून एकदा वापरायची वस्तू, आणि बारा महिने तिचे लाड?" मी म्हणायचे. "मग काय बाप्पा, कुजू देऊ?" हे तिचं उत्तर. ती जायच्या आधीच्या रविवारी दिवसभर पाऊस होता. तंबू काही नीट वाळला नाही, म्हणून तिनं तो तसाच ठेवला आणि पुढचे दिवस त्याला वळसा घालून कामावर जात राहिली.

मग माणसं यायला लागली. करुणा नागपूरच्या बौद्ध घरातली. इथली मराठी बौद्ध मंडळी, तिच्या ऑफिसातले चिनी, मलय सहकारी, आमचे पुण्यामुंबईचे लोक, सगळे त्या हॉलमध्ये तंबूच्या कडेकडेनं भिंतीला टेकून बसले. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, हे आवरून ठेवू का? काकू एकदम म्हणाल्या, "हात नका लावू. अजून वाळला नाही तो." भन्ते आले, वंदना झाली, बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीशेजारी करुणाचा फोटो ठेवला, तो तंबूच्या दाराशीच, कारण दुसरी जागाच नव्हती. माझी ईशा, जिला एरवी घरात मराठी बोलायला लावताना माझा जीव जातो, ती इथल्या पोरांसारखं 'लाह' जोडत माझ्या कानात म्हणाली, "मम्मा, डोन्ट मूव्ह इट लाह. मावशीचा आहे तो." मला पहिल्यांदा रडू आलं ते तेव्हा.

आता सगळ्यांपुढं प्रश्न असा होता, की काकूंना जावं लागणार होतं. लेकीच्या नोकरीवर त्यांचा इथं राहायचा पास. लेक गेली, आता पासही जाणार, फ्लॅट भाड्याचा, तोही रिकामा करायचा. नागपूरहून करुणाचा धाकटा भाऊ अविनाश आला आणि मुकाट्यानं एकेक काम उरकायला लागला. भांडी दिली, पुस्तकं दिली, सोफा गेला, पलंग गेला. तंबू उभाच. काकू रोज सकाळी त्याच्या कापडावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "ओलसरच आहे." कापड कोरडं ठणठणीत होतं. हे मलाही कळत होतं, अविनाशलाही. पण तंबू खाली आला की या घरातलं करुणाच्या हातचं शेवटचं काम मोडणार होतं, आणि ते कुणी मोडायचं?

करुणाला लोक जरा तिरकी समजायचे. पन्नाशीतली एकटी बाई, चांगली नोकरी, आणि सुट्टी मिळाली की लंडन-पॅरिस सोडून ही फिनलंडच्या जंगलात तळ्याकाठी तंबू ठोकून राहते! शिकत असताना ती दोन वर्षं तिथं होती, तेव्हा लागलेलं खूळ. मी एकदा विचारलं, "करतेस तरी काय तिथं?" म्हणाली, "झोपते. पोटभर झोपते." मला वाटलं, टाळतेय. पण ते अगदी खरं होतं. नागपूरला दोन खोल्यांत त्यांचं घर, आईवडील, तीन भावंडं, शिवाय खेड्यातून शिकायला आलेली चुलत-मावस पोरं. "आमच्याकडं कोणालाच 'नाही' म्हणत नव्हते. बाबा म्हणायचे, शिकायला आलं पोरगं, राहू दे. मी जिन्यात बसून बारावी केली, माधवी. कानात बोळे घालून. शांत म्हणजे काय असते, ते मला त्या तळ्यावर गेल्यावर कळलं." हे सांगताना ती तक्रार करत नव्हती. त्या घरात राहून शिकलेली ती पोरं आज कुठं कुठं आहेत, हे ती अभिमानानं सांगायची. फक्त वर्षातून एकदा तिला कुणीही नको असायचं. एरवी संध्याकाळी आम्ही दोघी बुकित बातोकच्या जुन्या खाणीच्या तळ्यावर चालायला जायचो, तेव्हा ती मला दाखवायची, "हे पाह्य, आपलं गावठी फिनलंड." भोवती उंच इमारती, कडेला फोटो काढणारी जोडपी... आणि ही कठड्याला टेकून पाण्याकडं बघत उभी.

काकूंना मात्र हे पटलेलं नव्हतं. त्यांची खात्री होती, की तिकडं कुणीतरी आहे. "कोणी गोरा-बिरा असंल," त्या मला एकदा मटार सोलता सोलता म्हणाल्या. "असंल तर असो, मी काही नाही म्हणत नाही. पण एकदा दाखवायला काय जाते हिचं?" हे मी करुणाला सांगितलं, तर ती इतकी हसली की बसलीच खाली. आणि पुढच्या ऑगस्टमध्ये आईलाच घेऊन निघाली. आईला सोबत पाहिजे म्हणून मलाही ओढलं. मी आजवर कधी तंबूत झोपले नव्हते, संडास कसा असेल याच काळजीत विमानभर होते. नवरा म्हणाला, जाऊन ये, निदान भांडायला नवीन विषय मिळतील.

गाडी जिथं थांबली तिथून तळं जवळच होतं, काकूंना चालवेल असं करुणानं मुद्दाम शोधलेलं. पाईनची आणि बर्चची झाडं, पायाखाली गादीसारखं शेवाळं, आणि झाडांच्या पलीकडं सपाट, काळसर पाणी. काठावर शेकोटीसाठी दगडांचं कडं, फोडलेली लाकडं ठेवलेलं खोपट, आणि आत झाडांत लाकडी संडास, जो माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी स्वच्छ निघाला. करुणानं तंबू उभा केला. मी आणि काकूंनी फक्त काठ्या धरल्या, आणि त्याही उलट्या धरल्या म्हणून बोलणी खाल्ली. नंतर तिघी पाण्याकाठी बसलो. आवाज म्हणजे काहीच नाही हो... मध्येच लांबवर कुठला तरी पाणपक्षी ओरडायचा, की पुन्हा काही नाही. माझे तर पहिल्या तासात कान दुखायला लागले. करुणा एका खडकाला टेकून बसली आणि बसल्या बसल्या झोपून गेली. काकू तिच्याकडं बघत राहिल्या. "लहानपणी हिचं तोंड असं निवांत मी पाह्यलंच नाही," त्या मला म्हणाल्या. "वाटायचं, पोरगी जन्मतःच कपाळाला आठी घेऊन आली."

दुसऱ्या दिवशी काकूंना वळणापलीकडं एक दुसरा तंबू दिसला. त्यात एकटा माणूस, पिकलेली दाढी, दिवसभर गळ टाकून पाण्याकडं बघत बसलेला. काकू माझ्याकडं वळल्या, डोळे मोठे केले. मी म्हटलं, "नाही हो काकू, काहीतरीच काय!" पण त्या ऐकतात थोड्याच. करुणा लाकडं आणायला गेली तशी त्यांनी स्टोव्ह पेटवला, सिंगापुरातल्या सेरंगून भागातल्या, रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या भारतीय दुकानातून आणलेला रवा काढला, शिरा केला, स्टीलची वाटी भरली आणि पदर खोचून निघाल्या. मी मागोमाग. माणूस उठून उभा राहिला, आमच्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं. काकू शुद्ध नागपुरीत म्हणाल्या, "घ्या, गरम हाय. तूप चांगलं घातलं." त्यानं दोन्ही हातांनी वाटी घेतली, मान लववली, तोंडातल्या तोंडात एक शब्द बोलला. काकूंनी त्याला नखशिखांत न्याहाळलं, मुलगा बघायला गेल्यावर न्याहाळतात तसं. परत येताना म्हणाल्या, "वयानं जरा जास्त वाटते. पण डोळे चांगले आहेत."

करुणाला कळलं तेव्हा ती जी भडकली! "आई, इथं माणसं येतात ते कोणी भेटू नये म्हणून! इथं कोणी कोणाच्या तंबूकडं पाहत पण नाही, अन् तू शिरा घेऊन गेलीस? मी त्या माणसाला जन्मात पाह्यलेलं नाही!" काकू बारीक तोंड करून म्हणाल्या, "म्हणजे तो नाही?" "कोण तो?" आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ती आधी कपाळाला हात लावून बसली, मग हसायला लागली, मग मी, शेवटी काकूही. त्या शांत तळ्यावर आम्ही इतका दंगा केला की पाणपक्षीसुद्धा गप्प झाला. काकूंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "म्हणजे खरंच एकटीच राह्यतेस तू इथं." करुणानं मान डोलावली, "हाव." काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

सकाळी उठलो तर आमच्या शेकोटीजवळच्या दगडावर वाटी. स्वच्छ घासलेली, आणि काठोकाठ ब्लूबेरी, वर एक बर्चचं पान झाकण म्हणून. वळणापलीकडचा तंबू गेलेला होता. त्या माणसाला कुणी सांगितलं होतं, की आमच्याकडं वाटी रिकामी परत करत नाहीत? करुणानं वाटी उचलली, पान बाजूला करून एक बेरी तोंडात टाकली. "जिंकली बाप्पा आई," एवढंच म्हणाली. नंतरच्या उन्हाळ्यापासून ती एकटी जातानाही रव्याचं पाकीट न्यायला लागली. पहिल्याच वर्षी परत आल्यावर सांगत होती, "कोणी भेटलंच नाही. मीच खाल्ला सगळा. लय बरं वाटलं."

तर तो तंबू. निघायच्या आदल्या दिवशी अविनाश हळूच म्हणाला, "आई, आता हा इथंच कोणाला तरी देऊन टाकू. वजन किती झालं पाह्य. तिकडं कुठं लावणार आहेस तू तंबू? गच्चीवर?" त्याचं काही चूक नव्हतं. बहिणीच्या अस्थी त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत होत्या, उरलेलं सगळं दोन बॅगांत बसवायचं होतं. मला म्हणावंसं वाटलं, मी ठेवते, ईशा सांभाळेल. पण काकूंनी माझ्याकडं न बघता कापडावरून हात फिरवला, आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "वाळला." मग अविनाशला म्हणाल्या, "माह्या साड्या बॅगेतून काढ. साड्या भेटतात नागपूरले. हा इथं ठेवला तर वर्षभरात चिकट होईन, तिनं सांगितलं होतं. आपल्याकडची हवा कोरडी आहे. तिथं टिकंल."

तंबू आम्ही दोघींनीच उतरवला. काठ्या काढल्या तसा तो एका बाजूनं हळूच बसला... तेव्हा काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. कापडाच्या कोपऱ्यात पाईनची दोन-चार वाळकी, सुईसारखी पानं निघाली, ती त्यांनी झटकली नाहीत, तशीच आत ठेवली. करुणा तो कसा गुंडाळायची देव जाणे. आम्ही तीनदा गुंडाळला, तीनदा सोडला, गुडघे टेकले, वर बसलो, पण त्याच्या पिशवीत तो काही गेला नाही. काकू दमून फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तिच्याशिवाय नाही ऐकत हा." शेवटी पट्ट्यापट्ट्यांच्या मोठ्या बाजारच्या पिशवीत कोंबला आणि कपडे वाळत घालायच्या दोरीनं बांधला. विमानतळावर त्या गबाळ्या बोचक्याकडं लोक बघत होते. काकूंनी ते सामानाच्या सरकत्या पट्ट्यावर जाईपर्यंत त्याच्यावरचा हात काढला नाही.

करुणाचं दार आता बंद असतं. नवीन भाडेकरू अजून आलेले नाहीत. खाणीच्या तळ्यावर मी जाते, पण दुसऱ्या फेरीलाच परत फिरते, एकटीला शांतता सोसत नाही मला, हे खरं सांगून टाकते. परवा रविवारी न राहवून काकूंना फोन लावला. आवाज जरा वेगळाच येत होता, कोंडल्यासारखा. म्हटलं, "काकू, कुठं आहात?" म्हणाल्या, "गच्चीवर. तंबू वाळत घातला होता ना, त्यात बसली आहे."

मी विचारलं, "वाळला का?"

"कवाचाच वाळला," काकू म्हणाल्या. "पण म्हटलं, राहू दे उभा थोडा वेळ."